पंख्याला सगळं कळतं

१२ मार्च

ही वही लेकीची, तिच्या कॉलेजातली. पुढची पानं रसायनशास्त्रानं भरलेली आहेत, मागची कोरी. मला लिहायची सवय नाही, माझा हात पक्कड धरणारा. पण आज जिन्याखालच्या खोलीवर गदा आली आणि ते कुणाला तरी सांगायला हवं. बायकोला सांगितलं, तर ही म्हणाली, "बरं झालं. एक अडगळ कमी."

खोली म्हणजे जिना वळतो त्याच्या पोटातली जागा. उभा राहिलो की डोकं आपटतं, म्हणून अकरा वर्षं बसूनच काम करतोय. बाजारातलं दुकान बंद केलं तेव्हा सोसायटीनं ती मला वापरायला दिली. त्या बदल्यात बिल्डिंगमधल्या बारा घरांचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या मी बघायच्या. चाळीस वर्षं मी पंख्यांच्या मोटारींत तार भरली. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण जळालेल्या मोटारी उघडून झालं. पंखा फिरायला लागला की आवाजावरून त्याचं वय सांगतो.

आज सेक्रेटरी खाली आले. माणूस वाईट नाही, पण रोज सकाळी फळ्यावर एक सूचना लावल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. म्हणाले, "काका, या खोलीत पार्सलं ठेवायची म्हणतोय. जिन्यात खोक्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते. आणि खरं सांगा, आता पंखा दुरुस्त करतं कोण? समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी स्मार्ट पंखे आणलेत. फोनवर चालतात."

मी म्हटलं, "आपले आहेत तेच पंखे स्मार्ट केले तर?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं, देव जाणे. स्मार्ट म्हणजे नेमकं काय हेही मला धड माहीत नव्हतं. पण समोरच्या बिल्डिंगवर मात करायची म्हटल्यावर सेक्रेटरींचे डोळे चमकले. "करून दाखवा. दहा मेला वार्षिक सभा आहे. जमलं तर खोली तुमची, कायमची. ठरावात लिहून देतो. नाही जमलं तर पार्सलं."

ही म्हणाली, "फोनवर आलेला फोटो मोठा करायला तुम्हाला मी लागते."

खरं आहे. पण ती खोली गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठं?

१५ मार्च

हिच्या भावाला बोलावलं. या मेहुण्यानं आजवर पाणी शुद्ध करायची यंत्रं, पाठीचे पट्टे आणि केस उगवणारे कंगवे विकले. त्याला टक्कल आहे, तरी विकले. अशा वस्तू त्याच्याकडे असणारच हे मी ओळखून होतो. पिशवीतून त्यानं काडेपेटीएवढी डबी काढली.

"भावोजी, ही पंख्याच्या वरच्या वाटीत बसवायची. पंखा तोच, पाती तीच, पण आतून शहाणा."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग एक तुझ्यासाठीही ठेव."

हॉलचा पंखा खाली घेतला, भिंतीवरचा रेग्युलेटर काढून वायर सरळ जोडली, डबी वाटीत बसवली. सोबत हातातला छोटा रिमोट येतो, आणि फोनवरूनही चालतो. पहिल्याच झटक्यात पंखा फिरला. खुर्चीतून न उठता पंखा बंद करता येतो याचा इतका आनंद झाला, की खरंच बंद झाला का ते मी दहा वेळा उठून बघितलं.

एकच अडचण. भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. ते बंद केलं की डबीला वीज नाही आणि फोनला पंखा दिसत नाही. ही खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करते. पन्नास वर्षांची सवय, हात आपोआप जातो. संध्याकाळी फोन म्हणाला, उपकरण सापडत नाही. पंखा डोक्यावर लटकतोय आणि याला सापडत नाही.

२० मार्च

बाराही घरं तयार झाली. डब्या सोसायटीच्या खर्चानं, वायफायही सोसायटीचं. पण सगळ्या घरांत तोच रोग. आमची पिढी बटण बंद केल्याशिवाय खोली सोडत नाही, मग घराला आग लागलेली का असेना. शेवटी काळी चिकटपट्टी घेऊन घरोघर फिरलो आणि बटणांवर पट्ट्या मारल्या. सेक्रेटरींनी फळ्यावर लावलं, "पंख्याच्या बटणास कोणीही हात लावू नये. आदेशावरून."

पहिल्या मजल्यावरच्या ताई बँकेत कॅशियर होत्या, एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "माझ्या घरातलं माझंच बटण, आणि मलाच बंदी? उद्या म्हणाल नळाला विचारून हात लावा."

तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर मात्र सरळ माणूस. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मी एक पट्टी मारली, त्यांनी वरून दुसरी मारली. "नियम म्हणजे नियम," म्हणाले, आणि खोकत दारापर्यंत सोडायला आले.

२६ मार्च

फोनवर पंखा घ्यायचा तर प्रत्येक घराचं वेगळं खातं उघडायचं. ईमेल, पासवर्ड, मग फोनवर येणारा सहा आकडी नंबर.

मास्तरांचा ईमेल त्यांच्या मुलानं उघडलेला. पासवर्ड मुलाकडे, आणि मुलगा परदेशात झोपलेला. ताईंना पासवर्ड आठवतो, पण तो कुणासमोर टाकणार नाहीत. मी पाठ फिरवली, तरी नाही. तीन घरांत फोन बटणांचा. एका काकूंनी सहा आकडी नंबर पाटीवर लिहून घेतला आणि चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपली.

दिवसभरात एकही खातं उघडलं नाही. शेवटी मी सगळ्यांचे पंखे माझ्याच फोनवर, माझ्याच खात्यात घेतले. तात्पुरते. त्यांच्या हातात रिमोट दिले, त्यांना पुरेत. सेक्रेटरींचं स्वतःचं घरसुद्धा माझ्याकडेच आहे, कारण त्यांना मीटिंग होती. "तुम्ही करून टाका हो काका, मला फक्त अहवाल द्या," म्हणाले.

बारा घरांचे सव्वीस पंखे माझ्या खिशात. ही म्हणाली, "ज्याचं त्याला देऊन टाका लवकर." देणारच आहे.

२ एप्रिल

आज फजिती झाली. या फोनशी बोलताही येतं असं मेहुणा म्हणाला, म्हणून मी खोलीत बसून म्हटलं, "हॉलचा पंखा बंद कर."

मी प्रत्येक घरातल्या पंख्याला "हॉल" असंच नाव दिलं होतं. हॉलमध्ये असतो त्याला दुसरं काय म्हणणार? बारा हॉलचे बारा पंखे एकदम थांबले, टळटळीत दुपारी. वर धडाधड दारं उघडली. दिवे चालू आणि पंखे बंद, हे काही कुणाला झेपेना. ताई जिन्यातून ओरडल्या, "काका, सगळ्यांचे पंखे संपावर गेले का?"

मी म्हटलं, "चाचणी चालू आहे."

मग नावं बदलली. मास्तर हॉल, मास्तर आतली खोली, ताई बेडरूम, अशी.

५ एप्रिल

पहाटे पाचला मला जाग येतेच. अंथरुणात बसून फोन चाळत होतो. मास्तर हॉल, वेग चार. पहाटेच्या गारव्यात चार, आणि वर तो खोकला. माझं बोट आपसूक दोनवर गेलं. एवढंच.

सकाळी नऊला मास्तर तीन मजले उतरून आले. मी घाबरलो. तर म्हणाले, "तुमचं यंत्र थोर आहे. आज पहाटे मला थंडी वाजायच्या आत पंखा आपणहून कमी झाला. महिनाभरात पहिल्यांदा खोकल्यानं उठलो नाही. याला कळतं कसं हो?"

मी सांगणार होतो. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मी म्हटलं, "कळतं थोडंफार."

खोटं बोललो नाही. खरं बोलायचं राहून गेलं.

११ एप्रिल

मास्तरांनी जिन्यात चार लोकांना सांगितलं, आणि आता प्रत्येकाला शहाणा पंखा हवा. बरं, माझ्या मनात वाईट नाही. घराला कुलूप लावून जाताना कुणाचा पंखा चालू राहिला, तर मी इथून बंद करतो. दुसऱ्या मजल्यावर बाळ दुपारी एकला झोपतं, तेव्हा मी तिथला वेग तीनवर आणतो. बाळाची आई सगळ्यांना सांगते की पंख्याला बाळाचा पायरव कळतो. बाळ अजून रांगतंही नाही.

फोनवर कालचं सगळं दिसतं, कुठला पंखा कधी चालू झाला, कधी बंद. सकाळी चहासोबत मी ते वाचतो. पेपरपेक्षा बरं. ताई सगळ्यांना सांगतात की मी पाचला उठून फिरायला जाते. त्यांच्या बेडरूमचा पंखा नऊपर्यंत चारवर असतो. मला हसू आलं, पण कुणाला सांगितलं नाही. घरोघरी मातीच्या चुली.

सेक्रेटरींच्या हॉलचा पंखा रात्री अकरा ते सकाळी सहा चालतो, आणि बेडरूमचाही. म्हणजे दोघांपैकी एक जण हॉलमध्ये झोपतं. बेडरूमचा पंखा वाजत असणार. बेअरिंग कोरडी पडली की रात्री किरकिर असह्य होते. एकदा तेल घालून द्यायला हवं.

१६ एप्रिल

मास्तरांच्या आतल्या खोलीतला पंखा रोज दुपारी दोन ते चार रिकामाच फिरतो. ती बाईंची खोली, मास्तरांच्या पत्नीची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तिथं आता कोण असणार? मास्तर चालू करून विसरत असतील. वयाप्रमाणे होतं. आजपासून मी बंद करत जाणार.

१८ एप्रिल

त्या डबीत दोष दिसतो. आज दोनला चालू झाला, मी बंद केला. पाच मिनिटांनी पुन्हा चालू. पुन्हा बंद केला. असं चार वेळा. मेहुण्याला फोन केला तर म्हणाला, "भावोजी, ते यंत्र आहे, थोडं शिकायला वेळ लागतो." मी चिकाटी सोडली नाही. पाचव्यांदा चालू झाला नाही.

२४ एप्रिल

मास्तरांच्या आतल्या पंख्याचा दोष आपोआप गेला. दोन दिवस झाले, दोनला चालूच होत नाही.

बाकी आनंदच आहे. काल समोरच्या बिल्डिंगची माणसं आमचे पंखे बघायला आली. सेक्रेटरींनी त्यांना घरोघर फिरवलं. त्यांचे पंखे नवे, महाग, पण सांगितल्याशिवाय हलत नाहीत. आमचे न सांगता ओळखतात. त्यांचा एक इंजिनिअर वाटीत डोकं घालून बघत होता. "पण याला सेन्सर कुठाय?" असं त्यानं तीनदा विचारलं. मी म्हटलं, "आत आहे." मी आत, म्हणजे जिन्याखाली बसतो, हे खरंच आहे.

सेक्रेटरींनी मला खोलीत नवी खुर्ची दिली. फळ्यावर सभेचा विषय क्रमांक तीन लागलाय, "जिन्याखालील खोली स्मार्ट केंद्र म्हणून कायम करणे." मी ती सूचना दिवसातून चार वेळा वाचतो, जणू चौथ्यांदा काही वेगळं लिहिलेलं असेल.

२७ एप्रिल

मनात होतं ते काम करून टाकलं. तेलाची बुधली घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी, त्यांची बायको आणि काल आलेल्या सासूबाई हॉलमध्ये चहा घेत होते. मी म्हटलं, "साहेब, पंधरा दिवस झाले, बेडरूमचा पंखा किरकिरतो म्हणून हॉलमध्ये झोपावं लागतंय. आधी सांगायचं नाही का? दोन थेंब तेलाचं काम."

सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस?"

सेक्रेटरीवहिनी कप उचलून आत गेल्या, कपात चहा तसाच होता. मी बेडरूमचा पंखा तपासला, आवाज मुळीच नव्हता. तरी आलोच आहे तर तेल घातलं. बाहेर आलो तर सासूबाई जावयाला विचारत होत्या, "काय झालंय ते मला कळेल का?" मी लवकर निघालो. घरात पाहुणे असले की कामात लक्ष लागत नाही.

२८ एप्रिल

सेक्रेटरीवहिनी आज जिन्यात हिच्याशी बोलल्या नाहीत. मग बोलल्या, ते न बोलण्यापेक्षा वाईट. म्हणाल्या, "मी तुम्हाला मोठी बहीण समजून कधी मन मोकळं केलं असेल, त्याचा असा बाजार मांडाल असं वाटलं नव्हतं."

ही घरी आली, दार लावलं आणि मला समोर बसवलं. "तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं. मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. मग ते दोघं बोलत नाहीत हे तुम्हाला कुठून कळलं?"

"ते बोलत नाहीत?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. मी फोन पुढं केला. ही बराच वेळ बोटानं पानं वर सरकवत राहिली. ताई. बाळाची आई. मास्तर. सेक्रेटरी.

"अहो, हे पंखे नाहीत," ही म्हणाली. "ही लोकांची झोपायची खोली आहे."

"मी चांगल्यासाठीच करतो. मास्तरांचा खोकला थांबला."

"शेजारी चांगल्यासाठी खिडकीतून डोकावला तर तुम्ही त्याला चहा द्याल?"

मग ही उठली, आमच्या हॉलच्या बटणावरची पट्टी ओढून काढली आणि बटण बंद केलं. फोन म्हणाला, उपकरण सापडत नाही. आम्ही उकाड्यात बसून राहिलो.

मला तिचं पटलं नाही. पटलं असतं तर एवढा राग आला नसता.

३ मे



मास्तर खोलीत आले, नव्या खुर्चीत बसले. अकरा तारखेला टेम्पो येतोय, म्हणाले. बाईंचा पलंग, कपाट, लिहायचं टेबल, पुस्तकं, सगळं मुलींच्या वसतिगृहाला देऊन टाकणार. टेबल जड आहे, दाराच्या चौकटीतून काढताना मदत कराल का, हे विचारायला आले होते.

मी म्हटलं, "एकदम कसं काय ठरवलंत?"

"दोन वर्षं जेवण झालं की मी तिच्या खोलीत जाऊन बसायचो. दोन ते चार. ती त्या वेळी वाचत असायची, म्हणून. तुमच्या पंख्याला ते कळलं बघा. मी बसलो की बंद व्हायचा. मी चालू करायचो, तो बंद व्हायचा. पाच-सहा दिवस हुज्जत घातली मी त्याच्याशी. मग लक्षात आलं. ऊठ म्हणत होता." मास्तर हसले. "मुलगा दोन वर्षं सांगतोय, बाबा, त्या खोलीतून बाहेर या. त्याचं ऐकलं नाही. पण यंत्राला काय स्वार्थ? ते खरंच सांगणार."

मी काय बोललो असेन? मी म्हटलं, "टेबलाचे पाय सुटे होतात का बघतो."

माझ्यासारखा नीच माणूस मी पाहिला नाही.

६ मे

तीन दिवस फोन हातात घेतलेला नाही. पहाटे पाचला जाग येते, तेव्हा छताकडे बघत बसतो. मास्तरांचा खोकला आज तीन मजल्यांवरून ऐकू आल्यासारखा वाटला. तो ऐकू येऊ शकत नाही, हे मला माहीत आहे.

बोललो तर खोली गेली. नाव गेलं ते वेगळंच. न बोललो तर अकराला टेम्पो येईल आणि मी स्वतः टेबलाचे पाय सोडवत असेन.

हिला सांगितलं. वाटलं, ही म्हणेल मी बजावलं होतं. तसं म्हणाली नाही. म्हणाली, "मास्तरांना सांगा."

"एकट्या मास्तरांनाच सांगतो. ते कुणाला बोलणार नाहीत."

"तेच तर. तुमच्यासाठी ते गप्प बसतील, आणि ते ओझं त्यांच्या डोक्यावर. आधीच त्यांच्याकडून काय कमी काढून घेतलंय?"

१० मे

सकाळी आठला मास्तरांच्या दारात उभा राहिलो. आत या म्हणाले, गेलो नाही. उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. पहाटेचं मी करत होतो. दुपारचंही मीच. पंख्याला काही कळत नाही. मला वाटलं खोली रिकामी आहे.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रोज चार-चार वेळा तुम्हीच?" एवढंच विचारलं.

"हो."

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सभा संध्याकाळी सहाला गच्चीवर. विषय क्रमांक तीन आला. सेक्रेटरी माझ्याबद्दल बोलत होते, "आपल्या काकांनी तंत्रज्ञानाला हृदय दिलं," वगैरे. हे त्यांनी लिहून आणलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "ठरावाआधी मला बोलायचंय." मग सगळं सांगितलं, एकाच दमात. फोन टेबलावर ठेवला, ज्याला बघायचंय त्यानं बघा म्हटलं.

बाळाची आई म्हणाली, "म्हणजे बाळाचं काही नव्हतंच?"

ताई म्हणाल्या, "म्हणजे मी नऊला उठते हे तुम्हाला माहीत आहे?"

"हो ताई."

"कधीपासून?"

"अकरा एप्रिलपासून."

"आणि मी महिनाभर तुम्हाला पहाटेच्या हवेचे फायदे सांगत होते." त्यांनी पदरानं तोंड झाकलं. हसत होत्या की काय, कळलं नाही.

सेक्रेटरींना आता तेलाची बुधली आठवत होती, हे मला दिसत होतं. त्यांनी मान वळवून बायकोकडे बघितलं, आणि त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोकडे. मग सेक्रेटरीवहिनी उठल्या, दोन खुर्च्या ओलांडून हिच्याशेजारी येऊन बसल्या. सभेतलं तेवढं एकच चांगलं झालं.

ठराव बदलला. खोली काकांकडे ठेवावी की काढून घ्यावी. आमचं घर सोडून अकरा मतं. ताईंनी पहिला हात माझ्या बाजूनं वर केला. "माझ्याबद्दल त्यांना सगळं कळून चुकलंय. आता नव्या माणसाला कशाला शिकवा?" आणखी चार हात त्यांच्या मागून आले. बाळाची आई आणि इतर चार जण विरुद्ध. सेक्रेटरीही त्या इतरांतच होते. पाच-पाच झाले. राहिले मास्तर.

मास्तर उठून उभे राहिले. शाळेत हजेरी घेत असतील त्या आवाजात म्हणाले, "खोली काढून घ्यावी." आणि बसले.

बरोबर केलं. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, तरी बरोबर केलं.

१५ मे

चार दिवस डब्या काढतोय. भिंतीवर रेग्युलेटर परत बसवतोय. रेग्युलेटर काढले तेव्हा कुणाचा कुठला, ते लिहून ठेवलं नव्हतं. आता ज्याच्या त्याच्या भिंतीवर दुसऱ्याचाच रेग्युलेटर आहे, आणि प्रत्येक घरात एक बोट कळकट जागा उघडी पडलीय.

गंमत अशी की निम्म्या लोकांना आता करमत नाही. बाळाच्या आईनं मला दारात गाठून हळूच विचारलं, "काका, माझ्या एकटीचा राहू द्या ना तुमच्या फोनवर. फक्त दुपारचा. कुणाला सांगू नका." तळमजल्यावरचे आजोबा तेच म्हणाले. सभेत माझ्याविरुद्ध हात वर करणारे आणखी दोघंही तेच म्हणाले, आणि चौघांनीही एकमेकांना न सांगायची शपथ घातली. मी सगळ्यांना नाही म्हटलं. फोनवरून खातंच पुसून टाकलं. पुसताना हिला बोलावलं, कारण ते मला जमत नव्हतं.

सेक्रेटरींकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "बेडरूमचा पंखा खरंच वाजतो हल्ली, तेल घालता का?" वहिनी मागून म्हणाल्या, "मी सांगत होते, तर यांना ऐकू येत नव्हतं." दोघं एकाच वेळी बोलत होते. हॉलमध्ये आता कोण झोपतं, मला माहीत नाही. माहीत नसणं इतकं हलकं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी दार उघडलं, डब्या काढेपर्यंत खिडकीपाशी माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आतल्या खोलीत पलंग जागेवर होता. टेबलही. टेम्पो आलाच नव्हता.

२० मे

खोली रिकामी करून दिली. अकरा वर्षांचं सामान तीन फेऱ्यांत घरी आलं आणि पलंगाखाली गेलं. ही झाडू घेऊन मागं मागं फिरली. जिन्याखाली आता खोकी आहेत. सेक्रेटरींनी सूचना लावली, "पार्सल आपापले ओळखून न्यावे."

सकाळी पेपर वाचला. मग पुन्हा वाचला. अकराला हिनं मला निवडायला शेंगा दिल्या.

२३ मे

दुपारी एकला बेल वाजली. मास्तर. हातात टेबलफॅन, जुना, जाळी वाकलेली. बाईंचा.

"फिरतो, पण मान वळत नाही," म्हणाले. "घाई नाही."

मी म्हटलं, "मास्तर, आता माझ्याकडे जागा नाही. इथं पसारा केला तर ही मला पंख्यासकट बाहेर काढील."

"वर येऊन करा. टेबल मोठं आहे." मग जिन्याच्या कठड्याला धरून थोडं थांबले. दम लागला होता. "मी तुमच्याविरुद्ध मत दिलं, ते मनात ठेवू नका असं म्हणणार नाही. ठेवा. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं. खाली तीन मजले फक्त उतरायचे होते मला, उत्तर द्यायला."

"हो."

"दोनला या. दोन ते चार मी तिथंच असतो."

पक्कड, तेल आणि दोन स्क्रू ड्रायव्हर पिशवीत घालून दोनला गेलो. बाईंच्या टेबलावर मास्तरांनी वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. मी मान उघडली. आतला दातेरी तुकडा झिजलाय, नवा मिळणार नाही, घासून बनवावा लागेल. आठ दिवसांचं काम, सावकाश केलं तर पंधरा. मास्तर पलंगाशेजारच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसले. पान उलटताना फारसे दिसले नाहीत.

छताचा पंखा एकवर होता. मे महिना, पश्चिमेची खिडकी, मानेवरून घाम ओघळून वर्तमानपत्रावर पडत होता. भिंतीवरचा रेग्युलेटर माझ्या डाव्या हाताला, बसल्या जागी पोचेल इतका जवळ.

चार वाजेपर्यंत मी तुकडा घासत राहिलो.